उतेकर गुरुजींचा पट

बारशाला गेलेली माणसं बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात. उतेकर गुरुजी ते बाळ पहिलीत कधी बसेल ते बघत. हातात घुगऱ्यांचा द्रोण घेऊन ते बाळाच्या आईला विचारत, "जन्म जूनच्या अलीकडचा की पलीकडचा?" अलीकडचा असला की चेहरा खुलायचा, कारण पोर एक वर्ष आधी पटावर येणार. पलीकडचा असला तर "बरं, बरं, असू दे," म्हणत. जणू बाळाकडून चूक झाली आहे, पण पोटात घालता येण्यासारखी आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पोलादपूरच्या एसटी स्टँडवर. मी महाडची. डी.एड. होऊन पहिलीच नेमणूक देवकोंडच्या शाळेवर झाली होती आणि हे देवकोंड नेमकं कुठे, ते महाडात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कुठेतरी, एवढंच कळलं होतं. मुख्याध्यापक स्वतः न्यायला येतील, असा निरोप होता. स्टँडवर पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी घातलेले एक किडकिडीत गृहस्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. मध्येच थांबून त्यांनी एका बाईच्या पदराशी उभ्या असलेल्या मुलाला हटकलं, "काय रे, कुठल्या यत्तेत?" मुलगा आईच्या मागे लपला. आई म्हणाली, "आम्ही वाईकडचं. लग्नाला आलोय." "असं होय! पण शाळेत नाव घातलंय ना?" घातलंय म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले. "तुम्ही नव्या बाई ना? एसटीला अवकाश आहे. तोवर चालायला लागू. बसून काय होतंय?"

आणि खरोखरच आम्ही चालायला लागलो. माझी ट्रंक त्यांच्या खांद्यावर. बऱ्याच वेळाने एसटीने आम्हाला रस्त्यात गाठलं आणि गुरुजींनी हात करून ती थांबवली. कंडक्टरला यात नवल वाटलं नाही. त्याची धाकटी मुलगी कितवीत आहे, हेही गुरुजींना ठाऊक होतं.

देवकोंड म्हणजे दोन वस्त्या. वर मराठ्यांचा कोंड, तिथेच देऊळ आणि देवळाला लागून शाळा. खाली वहाळ, त्यावर लाकडी साकव आणि साकवाच्या पलीकडे बौद्धवाडी. शाळा म्हणजे एक मोठी खोली आणि एक पडवी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. ते शिकवताना सतत चालत. तिसरीला पाढे घालून दिले की चौथीच्या डोक्यावरून खिडकीशी जात, खिडकीतून वाटेवर कोण दिसतंय ते बघत आणि भूगोलाचं वाक्य अर्धं टाकून ओरडत, "ए बायजे, पोरगं कुठंय तुझं?" मग वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू. त्यांच्याकडे बघता बघता मुलांच्या माना दुखत असतील.

त्यांच्या या बेचैनीला कारण होतं. कोंडातली निम्मी पुरुषमाणसं मुंबईला गिरण्यांत होती. पोर जरा मोठं झालं, की बाप त्याला आणि त्याच्या आईला घेऊन जायचा. गणपती आणि शिमगा हे गुरुजींच्या काळजीचे सण. सण आटोपून माणसं एसटीच्या थांब्यावर निघाली की हे तिथे हजर. "चौथी तरी होऊ दे रे त्याची. मुंबईत कोण बघणार त्याच्याकडे?" बाप म्हणायचा, "तिकडं म्युन्सिपाल्टीची साळा हाय गुरुजी, तीन माळ्यांची." गुरुजींना त्या तीन माळ्यांचा फार राग होता. पट असाच घसरत राहिला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, हे पंचायत समितीतल्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं. "एका माणसानं चार यत्ता सांभाळणं याला शिकवणं म्हणत नाहीत, बाई," ते मला सांगत. "ती राखण झाली. गुरं राखतात तशी."

मग मुंबईत गिरण्यांचा संप झाला.

सुरुवातीला कोंडात कुणी फार मनावर घेतलं नाही. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणत होते. उन्हाळ्यात मात्र एकेक बिऱ्हाड उतरायला लागलं. वळकट्या, पितळी डबे, एखादा पंखासुद्धा, जो लावायला कोंडात वीज नव्हती. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी अंगण भरून मुलं उभी होती. शाळेचा शिक्का अजून कुलाबा जिल्ह्याचाच होता, जिल्ह्याचं नाव रायगड होऊन वर्ष उलटलं तरी; आणि त्या जुन्या शिक्क्याच्या शाळेत मुंबईची मुलं मला "टीचर, टीचर" म्हणून हाका मारत होती. एकाने विचारलं, "टीचर, बेंच किधर है?" कोंडातली मुलं तोंडावर हात ठेवून हसली. त्यांनी बेंच पाहिलाच नव्हता.

बऱ्याच जणांकडे आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. मी तो मागितला तर गुरुजी म्हणाले, "दाखला मागून येईल. पोर पुढे आलंय ना, ते आधी घ्या." दुपारपर्यंत पट जवळजवळ दुप्पट झाला. मला आनंद लपवता येईना. मी म्हटलं, "गुरुजी, आता कुणाची हिंमत आहे दुसरी जागा काढायची?"

गुरुजी अंगणात फेऱ्या मारत होते. थांबले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "बाई, हा पट आपला नव्हे. हा गिरण्यांचा पट आहे. भोंगा वाजला की जाईल." आणि थोडं पुढे जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "देव करो आणि जावो."

त्यांचा सख्खा भाऊ लालबागच्या एका गिरणीत होता. तोही बायकापोरांसकट कशेडीच्या पायथ्याशी त्यांच्या घरी येऊन राहिला होता. गुरुजी शनिवारी घरी जात ते सोमवारी आणखीच अस्वस्थ होऊन परत येत. "ओटीवर बसून असतो," एवढंच सांगत. "दिवसभर. बोलत नाही."

पाऊस सुरू झाला आणि प्रश्न उभा राहिला तो जागेचा. पडवीत झड यायची. खोलीत मुलं इतकी दाटीने बसत, की पाटी मांडीवर ठेवायची सोय नव्हती. तालुक्याला सांगून झालं. तिथून काही आलं नाही. मग गुरुजी देवळाचं बघणाऱ्या तात्यांकडे गेले. तात्या कोंडातले वजनदार गृहस्थ. त्यांच्या शब्दाबाहेर वर कुणी नव्हतं. मीही बरोबर होते. तात्यांनी चहा दिला, सभामंडप द्यायला लगेच कबूल झाले. वर म्हणाले, "आमची पोरं मंडपात बसवा. बाकीची साळंत ऱ्हाऊ देत. समद्यांचीच सोय झाली."

बाकीची म्हणजे कोणती, हे विचारायची गरज नव्हती. गुरुजींनी कपबशी खाली ठेवली आणि उभे राहिले. "तात्या, वाटणी जमिनीची करतात. वर्गाची कशी करू?"

"वाटणी कोण म्हणतंय? सोय म्हणतोय मी."

"मग तिसरी-चौथी अख्खी मंडपात बसवतो. सगळी."

 तात्यांनी पानाचा डबा जवळ ओढला. आम्ही उतरलो. वाटेत गुरुजी एवढे भराभर चालत होते, की मला जवळजवळ पळावं लागत होतं. शाळेकडे वळायच्या ऐवजी ते सरळ साकवावर गेले.

बौद्धवाडीत नवं विहार झालं होतं. वाडीने स्वतः दगड वाहून बांधलेलं. वर कौलं, खाली कोबा, पुढे ओटा. त्याच्या किल्ल्या असत गोदीबाबांकडे. हा माणूस मुंबईच्या गोदीत आयुष्य काढून परतलेला, म्हणून वाडीत त्यांना सगळे गोदीबाबाच म्हणत. उंचेपुरे, अंगात खाकी शर्ट, बोलण्यात मुंबई. गुरुजींना ते 'हेडमास्तर' म्हणत.

गुरुजींनी मागणं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वरची पोरं येतील हितं?"

"तिसरी-चौथी इथे भरेल, बाबा. अख्खी."

"ते ऐकलं. येतील काय, ते इचारतोय."

"नाही आली तर मी येईन."

बाबा हसले. "फुल टाइम?"

"फुल टाइम."

"मग माझं दोन ऐका. सकाळची वंदना आमची होणार, तिच्या टायमाला. त्यानंतर साळा. आणि हितं छडी चालणार नाय. बाबासायबांच्या फोटूसमोर पोराच्या अंगाला हात लागलेला मला खपायचा नाय."

गुरुजींची छडी सगळ्या खोऱ्यात प्रसिद्ध होती. त्यांनी ती शाळेत माझ्याकडे ठेवायला दिली आणि म्हणाले, "बाई, ही तुम्हीही वापरू नका. एका शाळेत दोन कायदे नकोत."

पहिल्या दिवशी विहारात बौद्धवाडीतली मुलं आली आणि गुरुजी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. कोंडातली तिसरी-चौथी घरोघर बसून होती, किंवा शेतावर चिखल तुडवत होती. मी पहिली-दुसरी घेऊन वर शाळेत. गुरुजी सकाळी विहारात शिकवत, मधल्या सुट्टीत साकव ओलांडून कोंडात घरोघर फिरत आणि तसेच न जेवता परत खाली. एकदा साकवावर घसरले, गुडघा फुटला, तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. दारात उभं राहून एवढंच विचारायचे, "आज का नाही आला?" कुणी ताप सांगायचं, कुणी लावणी. खरं कारण कुणीच तोंडाने बोलत नव्हतं. तात्यांनी मात्र एकदा वाटेत अडवून सांगितलं, "मास्तर, हट्ट सोडा. बदली व्हायला येळ लागत नाय."

"होऊ दे. मी जाईन. पोरं कुठे जाणार?"

शेवटी तात्यांच्याच घरात ठिणगी पडली. त्यांची सून नंदा मुंबईहून आलेली. नवरा संपावर, मुलगी सुनंदा चौथीत. गुरुजी दारात गेले तेव्हा मी बरोबर होते. तात्या ओटीवर होते. गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. तात्या म्हणाले, "तिला बरं नाय." आतून सुनंदा म्हणाली, "मी बरी हाय." मग नंदा उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर, हाताला लावणीचा चिखल. सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची तिची पद्धत नव्हती. ती जमिनीकडे बघूनच बोलली, पण आवाज घरभर गेला.

"मामंजी, पगार बंद झाला तवा आमची चूल कुणी पेटवली, ते म्या तुमाला सांगितलं नव्हतं. आज सांगते. शेजारच्या खोलीतल्या कांबळ्यांच्या वैनीनं. तिच्या घरची भाकर खाऊन ही पोर हितवर जिती आली. मी खाल्ली, तुमच्या लेकानं खाल्ली. आता हिनं खालच्या वाडीत बसायचं नाय, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

  नंदाने सुनंदाच्या डोक्यावर इरलं ठेवलं आणि म्हणाली, "जा गो. गुरुजींच्या मागनं जा." तात्या उठून परसात निघून गेले.  सुनंदाच्या पुढे चालताना ते पहिल्यांदाच सावकाश चालले, तिची पावलं पुरावीत म्हणून.

त्यानंतर मुलं येऊ लागली, पण एकदम नाही. आधी मुंबईची, मग लावणीत घर सांभाळायला कुणी नसलेल्यांची, मग घरात बसून कंटाळलेल्यांची. काही आलीच नाहीत. दोघांना मामाकडे पाठवलं, एक मुलगी कायमची घरी बसली. तिच्या घरी गुरुजी पुढे कित्येक महिने जात होते. उपयोग झाला नाही. तिचं नाव निघालं, की ते उठून फेऱ्या मारू लागत.

श्रावणात एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला. साकवाला पाणी लागेल म्हणून तात्या स्वतः छत्री घेऊन नातीला न्यायला खाली आले. विहाराबाहेर पावसात उभे राहिले. गोदीबाबा ओट्यावरून म्हणाले, "तात्या, वर या. भिजताय."

"बरा हाय हितंच."

गुरुजी आत शिकवत होते. त्यांनी पाहिलं, पण वर्ग लवकर सोडला नाही. पाऊस तिरपा झाला तेव्हा तात्या ओट्यावर चढले आणि खांबाला पाठ लावून उभे राहिले. बाबा दुसऱ्या खांबाला. दोघे पावसाकडे बघत. सुनंदाने हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "मी भागाकार घेत होतो. माझं लक्ष नव्हतं." ते खोटं बोलत होते.

संप मिटला असं कुणी कधी सांगितलं नाही. भोंगा वाजला नाही. दिवाळीनंतर माणसं मिळेल त्या कामाच्या शोधात पुन्हा मुंबईला जाऊ लागली; कुणी हमालीला, कुणी भाजीच्या गाडीवर. मुलंही जाऊ लागली. नंदा सुनंदाला घेऊन गेली. पट ओसरत ओसरत पहिल्यासारखा झाला, आणि शाळेच्या खोलीत पुन्हा सगळ्यांना बसता येईल एवढी जागा झाली. गुरुजी गोदीबाबांकडे किल्ली परत करायला गेले. आभाराचे चार शब्द बोलले.

बाबांनी किल्ली घेतली नाही. "काम झालं, निघालात?"

"शाळा वर आहे बाबा. जागा झाली आता."

"साळा वर का हाय, हेडमास्तर? देऊळ वर हाय म्हणून. ती झाल्यापासनं आमची पोरं वहाळ वलांडून जातात, भरल्या पाण्यातनं. वरच्यांनी एक पावसाळा वलांडला आणि लगेच परत? माझा बा महाडच्या तळ्याचं पाणी पिऊन आलेला. त्यानं मला सांगितलेलं, एकदा पुढं टाकलेला पाय मागं घ्यायचा नाय."

गुरुजी परत आले. त्या आठवड्यात त्यांनी वर्गात एकही धडा नीट पुरा केला नाही. खिडकीशी जात, परत येत. मी म्हटलं, "गुरुजी, नियमाने शाळा वरच भरायला हवी." ते म्हणाले, "नियमाने बरोबर आहे. म्हणूनच झोप येत नाही." सोमवारी त्यांनी मुलांना सांगितलं, तिसरी-चौथी विहारातच बसेल. यंदा, आणि पुढेही. पहिली-दुसरी वर. म्हणजे खालची लहान मुलं वर येतील आणि वरची मोठी मुलं खाली जातील. "वहाळ काय एकट्यानं ओलांडायचा असतो?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. दासगावच्या बाजूला, सावित्रीच्या काठची शाळा. हुकूम कुणामुळे आला, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींनी निरोपसमारंभ घेऊ दिला नाही. वरचा वेगळा आणि खालचा वेगळा, असे दोन होतील याची त्यांना धास्ती होती. पहिल्या गाडीने निघाले. थांब्यावर मी एकटीच होते. शाळेचा कारभार आता माझ्याकडे होता, आणि मला भीती वाटत होती. मी विचारलं, "गुरुजी, जूनमध्ये तिसरी-चौथी कुठे बसवू?"

 "बाई, पट आता तुमचा आहे," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

जूनमध्ये कोंडातली मोठी मुलं सवयीने नव्हे, कुणाच्या तरी सांगण्यावरून वरच्या शाळेत येऊन बसली होती. पालक बाहेर उभे. पहिली-दुसरी मी गुरुजींच्या जागी आलेल्या शिक्षकांकडे दिली होती. मी दारात गेले आणि म्हणाले, "तिसरी-चौथी, चला माझ्याबरोबर." मुलं बाहेर उभ्या पालकांकडे बघू लागली. मग एक उठला, मग सगळे उठले. साकवावरून जाताना मी मागे वळून पाहिलं नाही.

दोनेक वर्षांनी गुरुजी गेले. शनिवारी घरी आले होते, रविवारी पहाटे छातीत दुखलं आणि संपलं. अजून निवृत्तही झाले नव्हते. कशेडीच्या पायथ्याशी त्यांच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. त्यांचा भाऊ आल्यागेल्याला पाणी देत फिरत होता. देवकोंडहून तात्या आणि गोदीबाबा एकाच एसटीने आले होते.

परतताना आम्ही तिघं एका बाकावर बसलो. गाडी सुटली. मग तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बदलीसाठी पोलादपूरला मीच गेलेलो."  सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "तिसरी-चौथी अजून तिथंच?"

"हो."

"छप्पर गळतंय म्हणतात."

"एका कोपऱ्यात गळतं."

तात्यांनी घसा खाकरला. "माझ्याकडं कौलं हायत. पावसाच्या आधी धाडून देतो."

गोदीबाबांनी मान वळवली. "कौलं आमच्याकडं पण हायत, तात्या. तुमी लावायला या."

गाडी वळणं घेत पोलादपूरला लागली. 

मे महिन्याच्या शेवटी विहाराला शिडी लागली. बाबांचा पुतण्या वर चढला होता, आणि खाली शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरून तात्या उभे होते.